डीझेल एंजिने, शिडाच्या नौकांतील

शिडाच्या नौकेचे मुख्य चालक बल वारा हेच असले, तरी बंदरात शिरणे व बाहेर पडणे, वारा पडल्यावर मार्ग कापणे आणि विजेच्या बॅटऱ्या भारित ठेवणे या कामांसाठी तिच्यात बहुधा एक लहान साहाय्यक एंजिन बसविलेले असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः १९६० ते १९९० या काळातील अशा डीझेल एंजिनांचे मॉडेलभेद आणि ते ओळखण्याची रीत यांचे विवरण केले आहे. काचतंतुयुक्त प्लॅस्टिकचे सांगाडे अपेक्षेपेक्षा पुष्कळच टिकाऊ ठरले आणि त्यामुळे त्या काळातील हजारो नौका आजही पाण्यावर आहेत. त्यांची एंजिनेही चालू आहेत. मात्र मूळ पुस्तिका हरवलेली, नौका चार-पाच मालकांच्या हातून गेलेली आणि एंजिनावरील रंग तीनदा बदललेला, अशी स्थिती सामान्यपणे आढळते. चुकीच्या मॉडेलचा सुटा भाग बसविला गेल्यास परिणाम केवळ खर्चापुरता राहत नाही. भरतीच्या ओढीने नौका खडकांकडे सरकत असताना एंजिन तापून बंद पडणे, हा त्याचा शेवट असू शकतो.

शिडाच्या नौकांत प्रथम पेट्रोल एंजिने प्रचारात होती. अमेरिकेत १९४७ पासून तयार होऊ लागलेले युनिव्हर्सल कंपनीचे ‘ॲटॉमिक ४’ हे चार सिलिंडरांचे एंजिन त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते आणि एखाद्या ठिणगीने तिचा स्फोट होऊ शकतो. डीझेल तेलाची वाफ साधारण तापमानास इतकी निर्माण होत नाही. शिवाय डीझेल एंजिनात ज्वलन हवेच्या दाबाने निर्माण झालेल्या उष्णतेने होत असल्याने ठिणगीची विद्युत् यंत्रणा लागत नाही व ओलाव्याचा उपद्रव कमी होतो. लहान व जलद गतीची डीझेल एंजिने मिळू लागताच नौकाबांधणी करणाऱ्यांनी त्यांचा स्वीकार केला तो प्रामुख्याने या कारणांनी.

मॉडेलभेदाचे मूळ एंजिनाच्या जन्मकथेत असते. काही एंजिने आरंभापासून नौकेसाठीच अभिकल्पित केलेली असतात; जपानच्या यानमार कंपनीची जीएम मालिका, स्वीडनच्या व्हॉल्व्हो पेंटाची जुनी एमडी मालिका किंवा डेन्मार्कमधील बुख यांची डीव्ही मालिका या गटात येतात. दुसऱ्या गटातील एंजिने मूळची जमिनीवरची असतात. व्हॅन, ट्रॅक्टर किंवा जनित्र यांसाठी बनविलेल्या एंजिनाला समुद्राच्या पाण्याचा पंप, पाण्याने थंड होणारी निष्कास नळी, उष्णता-विनिमयक आणि सागरी दंतचक्रपेटी जोडून त्याचे सागरी रूप तयार करतात. (कोकण किनाऱ्यावरील अनेक यांत्रिक मच्छीमार नौकांतही अशोक लेलँडसारख्या ट्रकच्या एंजिनाचे असेच रूपांतर वापरलेले दिसते.) अशा वेळी एकाच यंत्राला दोन नावे येतात. युनिव्हर्सलचे एम-२५ हे मुळात कुबोटाचे डी८५०, तर एम-२५एक्सपी हे डी९५० आहे. कुबोटाच्या नामपद्धतीत झेड, डी व व्ही ही अक्षरे अनुक्रमे दोन, तीन व चार सिलिंडर दाखवितात आणि पुढील आकडा घनफळ स्थूलमानाने घन सेंटिमीटरमध्ये सांगतो. म्हणजे एक्सपी या अक्षरांनी केवळ सुधारित आवृत्ती सूचित होत असल्याचे वाटले, तरी आतील मूळ यंत्रच मोठे आहे. दट्ट्या, कडी किंवा झडप हवी असेल, तर कुबोटाचे नाव घेऊन विचारावे. पण उष्णता-विनिमयक हवा असेल, तर त्या नावाचा उपयोग नाही, कारण तो भाग कुबोटाने बनविलेलाच नसतो. जुने एंजिन सांभाळणाऱ्याने ही विभागणी प्रथम समजून घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बहुतेक चुका तिच्या अज्ञानातून होतात.

मॉडेलच्या नावातील आकड्यांचा अर्थ निर्मात्यागणिक बदलतो, आणि काही वेळा एकाच निर्मात्याच्या दोन मालिकांतही बदलतो. यानमारची पद्धत त्यातल्या त्यात सुबोध आहे. ‘२जीएम२०एफ’ या नावात पहिला आकडा सिलिंडरांची संख्या, जीएम हे मालिकेचे नाव, २० हा अश्वशक्तीचा स्थूल निर्देश आणि एफ हे गोड्या पाण्याच्या शीतनाचे चिन्ह आहे. सी हे अक्षर असल्यास नौकेच्या तळातून खाली जाणारी ‘सेलड्राइव्ह’ जोडणी आणि व्ही असल्यास इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात परत वळणारी जोडणी समजावी. अश्वशक्तीचा आकडा मात्र शब्दशः घेऊ नये. दर मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना १जीएम१०, २जीएम२० व ३जीएम३० यांची कमाल शक्ती अनुक्रमे ९, १८ व २७ अश्वशक्ती, म्हणजे दर सिलिंडरमागे ९ इतकीच आहे. सतत चालविण्यासाठीची शक्ती याहून कमी असून ती ३,४०० फेऱ्यांना अनुक्रमे ८, १६ व २४ दिलेली असते.

खरी अडचण येते ती आधीच्या १जीएम, २जीएम व ३जीएम या एंजिनांमुळे. बाहेरून ही एंजिने नंतरच्या १०, २० व ३० या एंजिनांसारखीच दिसतात व पुष्कळ मालक दोन्हींना ‘जीएम’ एवढेच म्हणतात. परंतु जुन्या मालिकेत सिलिंडराचा व्यास ७२ मिमी. असून दट्ट्याची धावही ७२ मिमी. आहे, त्यामुळे एका सिलिंडराचे घनफळ सु. २९३ घ. सेंमी. होते. नव्या मालिकेत धाव तीच ठेवून व्यास ७५ मिमी. केला आणि घनफळ सु. ३१८ घ. सेंमी. झाले. तीन मिलिमीटरांचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण ७५ मिमी. व्यासाच्या दट्ट्याच्या कड्या ७२ मिमी.च्या सिलिंडरात बसणार नाहीत आणि सिलिंडर-शीर्षाखालील गॅस्केटही जुळणार नाही. याच घराण्याचा मोठा भाऊ शोभावा असे ३एचएम३५ तर ८० मिमी. व्यासाचे व ८५ मिमी. धावेचे स्वतंत्र यंत्र आहे.

व्हॉल्व्हो पेंटाच्या बाबतीत आकड्यांवर विसंबणे अधिक धोक्याचे आहे. एमडी६ए व एमडी७ए ही दोन्ही एंजिने दोन सिलिंडरांची. एमडी११सी हेही दोनच सिलिंडरांचे व एमडी१७सी तीन सिलिंडरांचे. शेवटची ए, बी, सी ही अक्षरे येथे सुधारणेच्या पिढ्या दाखवितात. त्यानंतरच्या २००१, २००२ व २००३ या मालिकेत शेवटचा अंक सिलिंडरांची संख्या सांगतो, आणि २००३टी मधील टी हे टर्बोभारकाचे चिन्ह आहे. यावरून पुढील एमडी२०१०, २०२०, २०३० व २०४० ही एंजिने त्याच कुळातील असावीत असा समज होतो, पण तो खरा नाही. ती पर्किन्सच्या मूळ एंजिनांवर आधारलेली असून त्यांचे शेवटचे दोन अंक शक्तीचा अदमास देतात (सु. १०, १९, २९ व ४० अश्वशक्ती). एमडी२०२० हे तीन सिलिंडरांचे आहे, तर नावाने त्याच्या शेजारचे वाटणारे २००२ दोन सिलिंडरांचे. दोहोंत रंगाखेरीज फारसे काही समान नाही.

ब्रिटिश पर्किन्स कंपनीच्या ४.९९, ४.१०७ व ४.१०८ या एंजिनांचे उदाहरण अभ्यासकाला विशेष उद्‌बोधक वाटेल. पहिला अंक सिलिंडरांचा व पुढील आकडा घन इंचांतील घनफळाचा आहे. ४.९९ मध्ये सिलिंडराचा व्यास ३ इंच व धाव ३.५ इंच असून घनफळ सु. ९९ घन इंच (सु. १.६२ लि.) भरते. ४.१०७ व ४.१०८ या दोहोंत व्यास ३.१२५ इंच व धाव पूर्वीचीच. त्यामुळे दोहोंचे घनफळ एकच, १०७.४ घन इंच (सु. १.७६ लि.) आहे. म्हणजे १०७ वरून १०८ ही वाढ केवळ नावातली आहे. भेद आहे तो सिलिंडराच्या अस्तरात. ४.१०७ मध्ये ‘ओले’ अस्तर असते : त्याची बाहेरची बाजू थेट शीतन-जलाला भिडते व पाणी खाली तेलाच्या कढईत उतरू नये म्हणून त्याला रबरी कड्या असतात. ४.१०८ मध्ये ‘कोरडे’ अस्तर ओतीव ठोकळ्यात दाबून घट्ट बसविलेले असते व पाण्याशी त्याचा संबंध येत नाही. दुरुस्तीची सारी रीतच यामुळे बदलते. ओले अस्तर कर्मशाळेत काढून नवे घालता येते. कोरड्या अस्तराला दाबयंत्र व नंतर आतून कातकाम लागते. ४.१०७ च्या तेलात पाणी आढळल्यास अस्तराच्या कड्यांचा संशय घ्यावा, ४.१०८ मध्ये तो संशय निरर्थक ठरतो. शिवाय इंधनाच्या सीएव्ही वितरक पंपावरील गतिनियंत्रक यांत्रिक की द्रवीय, हेही पाहावे लागते. या एंजिनांचे आटे इंची मापाचे आहेत. मेट्रिक पाने वापरून त्यांच्या बोल्टांची डोकी गोल केलेली एंजिने दुर्दैवाने पुष्कळ पाहावयास मिळतात.

शीतनाचा प्रकार हा मॉडेलभेदाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. प्रत्यक्ष शीतनात समुद्राचे पाणीच एंजिनाच्या ठोकळ्यातून फिरते. अप्रत्यक्ष शीतनात आत गोडे पाणी व गोठणरोधक यांचे मिश्रण फिरते आणि समुद्राचे पाणी उष्णता-विनिमयकात फक्त त्याची उष्णता घेऊन बाहेर पडते. समुद्राचे पाणी सु. ६०° से.च्या वर तापू लागले की त्यातील क्षार धातूवर थर धरू लागतात. म्हणून प्रत्यक्ष शीतनाची एंजिने मुद्दाम थंड चालवितात. यानमारच्या जीएम मालिकेत प्रत्यक्ष शीतनाची तापनियंत्रक झडप ४२° से.ला, तर गोड्या पाण्याच्या एंजिनातील ७१° से.ला उघडू लागते. दोन्ही झडपा सहज हातात मावणाऱ्या व सारख्याच स्वस्त असतात. पहिल्या प्रकारच्या एंजिनात दुसरी झडप बसविली, तर काही दिवस ते उलट अधिक चांगले चालल्यासारखे वाटते, कारण गरम एंजिनात ज्वलन अधिक पूर्ण होते. दरम्यान क्षारांचा थर जलमार्ग अरुंद करीत असतो. तो पुरेसा दाटला की एंजिन तापते आणि मग झडप बदलूनही भागत नाही. उलट चूक तुलनेने सौम्य आहे : एंजिन थंड राहते, धूर अधिक येतो व तेल लवकर खराब होते.

पाटीवर एफ हे अक्षर नाही म्हणून शीतन प्रत्यक्षच असेल, असेही धरून चालू नये. कित्येक मालकांनी नंतर उष्णता-विनिमयक जोडून एंजिनाचे रूपांतर केलेले असते. म्हणून पाटीपेक्षा पाण्याचा मार्ग पाहावा. गोडे पाणी भरण्याचे दाबाचे टोपण आहे का, आणि समुद्राच्या पाण्याच्या पंपाची नळी ठोकळ्यात जाते की विनिमयकात, एवढे पाहिल्यास शंका राहत नाही. टोपण एंजिन थंड असतानाच उघडावे.

दंतचक्रपेटीचे प्रमाण हा पुन्हा वेगळाच प्रश्न असून तो एंजिनाच्या पाटीवर कधीच सुटत नाही. २जीएम२० बरोबर २.२१, २.६२ व ३.२२ अशा प्रमाणांच्या पेट्या दिल्या जात. ३,६०० फेऱ्यांना पहिल्या पेटीतून पंखा मिनिटाला सु. १,६२९ फेरे घेतो, तर तिसरीतून सु. १,११८. एका नौकेतून काढलेले एंजिन ‘तेच मॉडेल’ म्हणून दुसऱ्या नौकेत बसविताना पेटीची पाटी न वाचल्यास जुना पंखा त्याला जड तरी होतो किंवा हलका तरी. जड झाल्यास एंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही व काळा धूर सोडते. मग निर्दोष असलेल्या अंतःक्षेपकांची दुरुस्ती सुरू होते.

ओळख पटविताना एंजिनाचा क्रमांक हा मॉडेलच्या नावापेक्षा अधिक भरवशाचा असतो. यानमारची नावाची पाटी झडपांवरील झाकणावर असते आणि झाकण तर चार बोल्ट सोडवून एका एंजिनावरून दुसऱ्यावर नेता येते. क्रमांक मात्र सिलिंडरांच्या ठोकळ्यावरही ठोकलेला असतो. पाटीवरील व ठोकळ्यावरील क्रमांक जुळत नसतील, तर ठोकळ्यावरचा खरा मानावा. पर्किन्सच्या नंतरच्या पद्धतीत क्रमांकाच्या आरंभी येणारी ईडी ही अक्षरे ४.१०८ दर्शवितात व पुढील यू हे अक्षर ब्रिटनमधील निर्मिती दाखविते. ठोकळ्यावरील रंगाचे थर विरघळवून काढावेत. खरवडू नयेत, कारण ठोकलेले अंक उथळ असतात. क्रमांक अजिबात वाचता येत नसेल, तर सिलिंडर-शीर्ष उघडण्याची वेळ येईपर्यंत नवे गॅस्केट मागवू नये. शीर्ष उघडल्यावर व्यास कॅलिपरने मोजावा आणि मगच मागणी नोंदवावी. नौका तेवढे आठ दिवस धक्क्याला बांधलेली राहिली तरी चालते.