ड्राफ्ट गेला, वाट पाहणे उरले

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला वाड्या-बागांतून समुद्राच्या दिशेने निघाले की गास लागते. पावसाळ्यात या गावाचे नाव बातम्यांत येते ते बहुधा एकाच कारणाने, सनसिटीकडून गासकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेला म्हणून. नेमक्या त्याच महिन्यांत भारतीय फुटबॉलचा हंगाम बंद असतो. मैदानावर चेंडू नसतो. पण कोणाचा करार संपला, कोण कुठे चालला, नवा आघाडीवीर कोण, याच्या चर्चेला मात्र भरती येते. मुंबई सिटीचा निळा शर्ट कपाटात घडी करून ठेवणाऱ्या गासच्या चाहत्यासाठी हे तीन महिने सामन्यांच्या महिन्यांइतकेच महत्त्वाचे असतात. संघाचे पुढील वर्षभराचे भवितव्य बहुतांशी याच काळात ठरून जाते, हे त्याला अनुभवाने ठाऊक झालेले आहे.

या प्रतीक्षेला पूर्वी एक ठरावीक दिवस होता. त्या दिवसाचे नाव ‘ड्राफ्ट’.

ड्राफ्ट ही कल्पना मूळची अमेरिकेची, आणि आपल्या फुटबॉलची नव्हे, तर हातात चेंडू घेऊन धावण्याच्या अमेरिकन फुटबॉलची. श्रीमंत संघ उत्तम खेळाडू उचलून नेतात आणि दुबळे संघ अधिकाधिक दुबळे होत जातात, ही फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची तक्रार होती. त्यांच्या सूचनेवरून १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची एक यादी करायची आणि संघांनी पाळीपाळीने त्यातून एकेक नाव घ्यायचे. गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. गंमत अशी की, त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. तरीही पद्धत टिकली, कारण तिने तळाच्या संघाच्या चाहत्याला एक हक्काची आशा दिली: यंदा हरलो, तर पुढच्या वर्षी निवड आधी आपली.

भारतात ही पद्धत आली ती इंडियन सुपर लीगबरोबर. २०१४ च्या जुलैमध्ये मुंबईत देशी खेळाडूंचा पहिला ड्राफ्ट झाला. त्या दिवशी गास ठाणे जिल्ह्यात होते. अवघ्या काही दिवसांनी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि ऑक्टोबरमध्ये लीगचा पहिला चेंडू मारला गेला, तेव्हा गासचा चाहता नव्या जिल्ह्याचा रहिवासी झाला होता. संघाचे नाव मुंबई, घरचे मैदान मात्र नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम! नालासोपाऱ्याहून तेथे जाऊन रात्री परत येणे म्हणजे सामन्यापेक्षा प्रवासच मोठा. २०१६ मध्ये संघ अंधेरीला आला, तेव्हा पश्चिम रेल्वेच्या चाहत्यांना संघ खऱ्या अर्थाने आपला वाटू लागला.

ड्राफ्ट आणि लिलाव यांत अनेकांची गल्लत होते. लिलावात पाळी नसते, पैसा असतो; ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये खेळाडूची किंमत आधीच ठरलेली असते आणि प्रश्न उरतो तो फक्त पाळीचा. आपल्या आधीच्या संघाने हवे असलेले नाव उचलले की हात चोळत बसायचे. मुंबई सिटीने या दोन्ही तऱ्हा अनुभवल्या. २०१५ मध्ये दहा निवडक खेळाडूंचा लिलाव झाला, त्यात मुंबईने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाख रुपयांना घेतले. भारताचा कर्णधार आपल्या संघात! छेत्रीने त्याच वर्षी हॅट्ट्रिक करून चाहत्यांच्या आनंदाची परतफेडही केली. परंतु २०१७ मध्ये बेंगळुरू एफसी सुपर लीगमध्ये दाखल झाली आणि छेत्री तिकडचाच राहिला.

२३ जुलै २०१७ चा ड्राफ्ट हा या साऱ्या प्रकाराचा कळस होता. तोवर सुपर लीग जेमतेम अडीच-तीन महिन्यांची असे आणि आय-लीगच्या क्लबांचे खेळाडू तेवढ्यापुरते उसनवारीवर येत. त्या वर्षी दोन्ही लीग एकाच वेळी होणार असल्याने खेळाडूंना एक काय ते निवडणे भाग पडले. परिणामी दोनशेहून अधिक खेळाडू एका यादीत आले. प्रत्येक क्लबला आपले दोन ज्येष्ठ खेळाडू राखण्याची मुभा होती. मुंबईने गोलरक्षक अमरिंदर सिंगला राखले. जमशेदपूर हा नवाकोरा संघ असल्याने त्याच्यापाशी राखण्यासारखे कोणी नव्हते. त्याची पाळी पहिली आली आणि त्याने बचावपटू अनस एडाथोडिकाला उचलले. किंमत, आधीच ठरलेली, १ कोटी १० लाख. मुंबईच्या वाट्याला आघाडीचा बलवंत सिंग आला आणि बचावफळीसाठी राजू गायकवाड. मुंबईत जन्मलेला, कॉर्नरसारखा लांब थ्रो-इन फेकणारा हा खेळाडू पाळीपाळीच्या खेळात आपल्याच शहराच्या संघाकडे आला, हा निव्वळ योगायोग. यादीत खेळाडूच्या गावाचा रकाना विचारात घेण्याची सोयच नव्हती.

त्या हंगामात मुंबई दहा संघांत सातवी आली. आणि तसा मोठा ड्राफ्ट पुन्हा झाला नाही.

का झाला नाही, हे समजून घेतले म्हणजे आजच्या चाहत्याची अडचणही समजते. अमेरिकेतील ड्राफ्ट दरवर्षी भरतो, कारण दरवर्षी महाविद्यालयांतून नव्या दमाचे शेकडो खेळाडू बाहेर पडतात. तेथे वाटप होते ते नवागतांचे. आपल्याकडे वाटप झाले ते आधीपासूनच व्यावसायिक असलेल्या, कोलकाता, गोवा, मिझोराम, मणिपूर येथील क्लबांनी घडवलेल्या खेळाडूंचे. विहिरीतले पाणी एकदा दहा घागरींत भरून घेतले. झरा मात्र कोणी खणला नव्हता. शिवाय खेळाडूंनी दोन-तीन वर्षांचे करार केल्यावर पुढच्या वर्षी यादीत घालायला उरणार कोण? जगातील बहुतेक फुटबॉलमध्ये ड्राफ्ट नाही तो याचसाठी. तेथे करार असतो, त्याची मुदत असते आणि मुदतीपूर्वी खेळाडू हवा असेल तर त्याच्या क्लबला मोबदला द्यावा लागतो. मुदत संपली की खेळाडू मोकळा. बेल्जियमचा जाँ-मार्क बोस्मन याच प्रश्नावर युरोपीय न्यायालयात गेला आणि १९९५ च्या निकालाने करार संपलेल्या खेळाडूसाठी मोबदला मागण्याचा युरोपीय क्लबांचा हक्क संपुष्टात आला. आजच्या नियमांनुसार शेवटचे सहा महिने उरले असता खेळाडू दुसऱ्या क्लबशी उघडपणे बोलणी करू शकतो. चाहत्यांच्या दृष्टीने पाहता, ज्याच्या नावाने आपण जानेवारीत ओरडत असतो त्याने पुढच्या घराची चावी कदाचित आधीच घेतलेली असते.

खुल्या बाजाराने मुंबईला भरभरून दिलेही. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२० च्या मोकळ्या काळात एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले. त्यांच्यापाठोपाठ अहमद जाहू, ह्युगो बुमूस, मूर्तादा फॉल, मंदार राव देसाई असा गोव्याच्या संघाचा कणाच इकडे आला. १३ मार्च २०२१ रोजी बिपिन सिंगने अखेरच्या मिनिटांत केलेल्या गोलने मुंबईने लीग शिल्डपाठोपाठ अंतिम सामनाही जिंकला. करोनामुळे ते सारे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाले. क्लबच्या इतिहासातले सर्वांत मोठे यश गासच्या चाहत्याने घरच्या दूरचित्रवाणीसमोर बसून पाहिले.

ज्या वाटेने खेळाडू आले त्याच वाटेने ते जातातही, हा धडा २०२४ ने दिला. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबईने पुन्हा करंडक उंचावला. कर्णधार होता राहुल भेके, मुंबईचाच मुलगा. त्यानंतरच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात भेके बेंगळुरूला गेला. अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल करणारा जॉर्जे पेरेरा डियाझ तिकडेच गेला, मधल्या फळीचा अल्बर्टो नोगेराही. अपुइया तर ज्यांना हरवले त्या मोहन बागानकडे गेला. पुढच्या हंगामात मुंबई सहाव्या क्रमांकाने कशीबशी बाद फेरीत पोहोचली आणि २९ मार्च २०२५ रोजी तिची गाठ पडली बेंगळुरूशी. निकाल ५-०. गोल करणाऱ्यांत पेरेरा डियाझ होता आणि चाळिशीला टेकलेला सुनील छेत्रीही होता. एका दशकाच्या खरेदी-विक्रीचा हिशेब मुंबईसमोर असा एका संध्याकाळी मांडला गेला.

साहजिकच २०२५ च्या मोकळ्या काळाकडून अपेक्षा मोठ्या होत्या. एक खणखणीत आघाडीवीर हवा, बचावफळीची डागडुजी हवी, छांगटेसारख्या खेळाडूंना दीर्घ मुदतीच्या करारांत बांधावे, अशी ती यादी. पण त्या पावसाळ्याने चाहत्याला वेगळ्याच प्रश्नापुढे उभे केले. ११ जुलै २०२५ रोजी सुपर लीग चालविणाऱ्या फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेडने हंगाम स्थगित ठेवल्याचे कळविले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी २०१० मध्ये झालेला तिचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढे काय, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. महासंघाने नव्याने निविदा मागविल्या. नोव्हेंबरमधील मुदत टळून गेली तरी एकही बोली आली नाही. खेळाडूंच्या करारांची चर्चा करणारा चाहता आता लीगच्याच कराराची कलमे वाचू लागला. दरम्यान बिपिन सिंग ईस्ट बंगालकडे गेला, मेहताब सिंग मोहन बागानकडे. डिसेंबरच्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबईतून काढता पाय घेतला आणि क्लब पुन्हा मूळ भारतीय मालकांच्या हाती आला. ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून चौदा क्लबांची लीग सुरू होणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा कोण आला, कोण गेला याची मोजदाद करण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी नव्हते. सामने होणार, एवढेच पुरेसे वाटले. प्रत्येकाशी दोनदा खेळण्याऐवजी एकेरी फेरी, म्हणजे एकूण ९१ सामने. दुहेरी फेरीच्या निम्मे.

अशा वेळी ड्राफ्ट परत आणावा, असा विचार चाहत्याच्या मनात डोकावणे स्वाभाविक आहे. निदान एक दिवस तरी सर्व क्लब एका पातळीवर येतील, आणि पैशाने खचलेल्या क्लबालाही पाळी मिळेल. मात्र केवळ यादी वाटून भागणार नाही. यादीत नवी नावे यायला हवीत. आणि तशी गरजही आता वाढली आहे. २०१४ मध्ये मैदानावरच्या अकरांत किमान पाच भारतीय पुरेसे होते. २०१७ मध्ये सहा झाले, २०२१ पासून सात. परदेशी पाहुणे कमी झाले तशी चांगल्या भारतीय खेळाडूची किंमत चढत गेली. ज्या क्लबाला तो विकत घेता येत नाही, त्याला तो घडवावाच लागतो. २०२२ पासून युवा संघांसाठी रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग भरू लागली, ती याच दिशेची पायरी. तेथे खेळणाऱ्या मुलांची नावे मोठ्या संघाच्या यादीत किती लवकर चढतात, यावर मोकळ्या काळाचे यश मोजायला हवे. पण कोणत्याही परदेशी आघाडीवीराच्या विमानतळावरील छायाचित्राला त्याहून दसपट प्रसिद्धी मिळते.

येथे गासच्या चाहत्याची आशा अंधेरीच्या चाहत्याहून थोडी वेगळी होते. मुंबईच्या जुन्या फुटबॉलचे केंद्र कूपरेज, आणि ते चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नालासोपारा चर्चगेटपासून सुमारे ५६ किलोमीटर दूर. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने शाळा सांभाळून आठवड्यातून चार दिवस तेथे सरावाला जायचे, तर जाता-येता किमान तीन तास लोकलमध्ये, तेही विरारच्या गर्दीत. वसई पट्ट्यातल्या गावांत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची वाण नाही. पण मधली साखळी तोकडी पडते. प्रशिक्षक गर्दीच्या उलट्या दिशेने आठवड्यातून दोनदा जरी इकडे आला, तर जो खर्च होईल तो एका मध्यम परदेशी खेळाडूच्या पगाराच्या मानाने किरकोळ ठरावा. मुंबई सिटीच नव्हे, मुंबईचे नाव लावणारा कोणताही क्लब हे करू शकतो.

तोवर गासमध्ये पावसाळ्याचा क्रम ठरलेला आहे. भ्रमणध्वनीवर बातम्या चाळायच्या, करारांच्या मुदती पाठ करायच्या, आणि पुढच्या हंगामाचे वेळापत्रक आले की आधी एकच गोष्ट पाहायची: अंधेरीतले सामने किती वाजता सुरू होणार. साडेसातचा सामना साडेनऊच्या सुमारास आटोपतो, आझादनगरहून मेट्रोने अंधेरी स्थानक गाठता येते आणि तेथून विरार लोकल मिळते. नालासोपाऱ्याला उतरल्यावर गासची रिक्षा मिळेल की नाही, ते मात्र त्या रात्रीच्या पावसावर अवलंबून.