हाऊसबोटीची सहल : धक्का सोडण्यापूर्वी

केरळमधील आलप्पुळा, म्हणजेच पूर्वीचे अलेप्पी, येथील हाऊसबोटींचा लौकिक महाराष्ट्रातही चांगलाच पसरला आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून मुंबईहून कोकणमार्गे थेट आलप्पुळ्यास उतरणे सुलभ झाले. त्यामुळे शिक्षकांचे गट, कर्मचाऱ्यांची कुटुंबे, अभ्यासदौऱ्यावर निघालेले पंचायत सदस्य असे अनेकजण वेंबनाड सरोवरात एक रात्र घालविण्याच्या इराद्याने तेथे जातात. संपूर्ण नौका, तिच्यावरील खलाशी आणि स्वयंपाकी यांसह एका दिवसासाठी भाड्याने घेतली जाते. साधारणपणे दुपारी बाराच्या सुमारास नौकेवर चढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास उतरावयाचे, असा तेथील परिपाठ आहे.

या नौकांचे मूळ नाव केट्टुवळ्ळम. मल्याळम भाषेत केट्टु म्हणजे बांधणे आणि वळ्ळम म्हणजे होडी. फणसाच्या कुळातील आंजिली वृक्षाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींस शिवून, खिळा न वापरता ही नौका बांधली जात असे. समुद्रसपाटीहून खाली असलेल्या कुट्टनाडच्या शेतांतील भात तिच्यातून कोचीस जाई. रस्ते झाले, मालमोटारी आल्या आणि या नौकांचे काम संपले. १९९० नंतरच्या दशकात त्यांवर खोल्या, स्नानगृहे व बांबू-चटयांची छपरे चढवून पर्यटनासाठी त्यांचा उपयोग सुरू झाला. हा बदल वरवर दिसतो त्याहून मोठा आहे. भाताची पोती नौकेच्या तळाशी असत; त्यांच्या वजनाने गुरुत्वमध्य खाली राही आणि नौका स्थिर राही. आज वजन आहे ते खोल्यांचे आणि माणसांचे, आणि तेही वरच्या अंगास. दुमजली हाऊसबोटीच्या वरच्या सज्जात सर्व मंडळी छायाचित्रासाठी एकाच कठड्याशी गोळा झाली म्हणजे काय होऊ शकते, हे सांगावयास नौकानयनाचे शास्त्र शिकलेला माणूस लागत नाही.

म्हणून भाडे ठरविताना पहिला प्रश्न खोल्यांचा किंवा वातानुकूलनाचा नसून माणसांचा असला पाहिजे. नौकेची प्रवासीक्षमता किती, हे तिच्या प्रमाणपत्रात नमूद असते आणि त्या आकड्यात लहान मुलेही मोजावयाची असतात. "मुले मांडीवर बसतील" हा एस. टी.तील हिशेब पाण्यावर चालत नाही. केरळमध्येच २० फेब्रुवारी २००७ रोजी तट्टेकाड येथे शालेय सहलीची गर्दीने भरलेली होडी बुडून १५ विद्यार्थी व ३ शिक्षक मृत्युमुखी पडले. ३० सप्टेंबर २००९ रोजी तेक्कडीच्या जलाशयात दुमजली प्रवासी नौका कलंडून ४५ जणांचा बळी गेला. ७ मे २०२३ रोजी तानूर येथे अंधार पडल्यानंतर निघालेली, क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली नौका उलटली व २२ जण बुडाले. या तिन्ही नौका हाऊसबोटी नव्हत्या, तरी पाणी सर्वांना एकाच नियमाने वागविते.

२०२१ चा अंतर्देशीय नौका अधिनियम ७ जून २०२२ पासून अंमलात आला आणि त्याने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. नौकेची नोंदणी, ठराविक मुदतीने होणारे सर्वेक्षण, विमा, जीवरक्षक साहित्य आणि खलाशांची पात्रता या सर्व बाबी त्यात येतात. भाडेकरूने नोंदणी व सर्वेक्षणाची प्रमाणपत्रे पाहावयास मागणे यात संकोचाचे कारण नाही. मुदत संपलेली नाही ना, एवढे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वीच त्यांच्या प्रती मागविलेल्या बऱ्या. धक्क्यावर सामानासह उभे असलेल्या पंधरा माणसांसमोर नकार देणे फार थोड्यांना जमते.

नौकेवर सामान्यतः तिघे असतात: नौका चालविणारा, यंत्र सांभाळणारा आणि स्वयंपाकी. चालविणाऱ्यास तेथे स्रांक म्हणतात. कोकण किनाऱ्यावरील 'सारंग' तो हाच. नौकेवर अखेरचा शब्द त्याचा, ही गोष्ट भाडे देणाऱ्यास पुष्कळदा रुचत नाही. "आणखी दोघांना घ्या", "सूर्यास्त सरोवराच्या मध्यावरून दाखवा" असा आग्रह उतारूंकडूनच होतो आणि बक्षिशीच्या आशेने किंवा मालकाच्या धाकाने तो मानलाही जातो. वास्तविक सायंकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास हाऊसबोटी काठाला लागतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात. शिवाय अंधारात खुंट, जाळी आणि लहान होड्या दिसत नाहीत. प्रत्यक्ष प्रवास केवळ काही तासांचाच असतो, हे गटप्रमुखाने निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवले, तर स्रांकावर दडपण आणण्याचा प्रसंग येत नाही. अरुंद कालव्यांत मोठी हाऊसबोट शिरत नाही, हेही आधी सांगावे. तेथील वस्ती व शेती पाहावयाची असल्यास लहान होडी वेगळी ठरवावी लागते किंवा राज्य जलवाहतूक विभागाच्या प्रवासी बोटीने जावे. ती स्वस्त पडते आणि सोबतीला गावचे लोक असतात.

स्वयंपाक्याला शाकाहारी किती, तिखट किती, पथ्याचे कोण हे दोन दिवस आधी कळविले पाहिजे. नौका सुटल्यावर बाजार नसतो. करिमीन मासा वाटेत विकत घेतल्यास त्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात. वातानुकूलन दिवसा चालणार की केवळ रात्री, हे लेखी घ्यावे. सांडपाणी व मैला कोठे जातो, असेही विचारावे. वेंबनाड २००२ पासून रामसर यादीतील पाणथळ क्षेत्र आहे आणि काठची माणसे त्याच पाण्यात भांडी घासतात. छप्पर चटयांचे आणि खाली गॅसची शेगडी, तेव्हा अग्निशामक साधन कोठे आहे तेही पाहून ठेवावे. औषधे, विजेरी आणि डासांचे मलम मात्र घरूनच न्यावे.

जीवरक्षक जाकिटे मोजून पाहावीत, आणि ती कपाटात कुलूपबंद नसावीत. मुलांच्या मापाची वेगळी लागतात. मोठ्यांचे जाकीट मुलाच्या अंगातून वर निसटते. प्रत्येक मुलाला ते धक्क्यावरच एकदा घालून पट्टे आवळून पाहावे. मग चढणाऱ्यांची नावे व वये लिहिलेल्या यादीची एक प्रत स्रांकाजवळ आणि दुसरी किनाऱ्यावर, नौकामालकाच्या माणसाकडे, ठेवावी.