जनमत वळले, संघटना विझली

चळवळी दडपशाहीने संपतात, हे उत्तर मला अपुरे वाटते. अमेरिकेतील ‘स्टुडंट्स फॉर अ डेमोक्रॅटिक सोसायटी’ या विद्यार्थी संघटनेचाच इतिहास पाहा. एप्रिल १९६५मध्ये तिने वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोठा मोर्चा काढला, तेव्हा बहुसंख्य अमेरिकन युद्धाच्या बाजूने होते. ऑगस्ट १९६८च्या गॅलप पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांनी सैन्य पाठवणे चूक ठरवले. त्यानंतर वर्षभरातच संघटना फुटली.

जून १९६९च्या शिकागो अधिवेशनात वाद पेटला तो खरा क्रांतिकारक कोण, यावर. त्यातून निघालेल्या ‘वेदरमेन’ गटाने ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात रस्त्यावरची लढाई पुकारली. हजारोंची अपेक्षा होती; आले काही शे. त्याच महिन्यात १५ तारखेला ‘मोरेटोरियम’साठी देशभर लाखो सामान्य माणसे शांतपणे बाहेर पडली. मार्च १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या एका घरात, बनवत असलेला बॉम्ब फुटून वेदरमेनचे तिघे मेले.

व्यापक चळवळही पुढे ओसरली, पण निराळ्या कारणाने. डिसेंबर १९६९च्या सोडतीने अनेक तरुणांच्या डोक्यावरची सक्तीच्या भरतीची टांगती तलवार दूर केली. १९७३मध्ये ती भरतीच थांबली. घरातला मुलगा सुरक्षित झाला, की दूरच्या देशातले मरण बातमीपुरते उरते.

माझ्या मते दोन्ही ऱ्हासांचे मूळ एकच आहे. जहाल गटाने सामान्यांच्या भीतीशी नाते तोडले. व्यापक चळवळीला त्या भीतीपलीकडचे नाते पुरेसे जोडता आले नाही. युद्धविरोधाला ही दोन्ही नाती लागतात.