केप प्रदेशातील दोन दुर्मिळ झुडपे : एक तौलनिक विचार

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतात 'फिनबॉस' नावाचे झुडपांचे रान पसरलेले आहे. प्रोटिएसी कुलातील ओरोथॅम्नस झायहेरी व मिमेटेस स्टोकोई या दोन संकटग्रस्त जाती तेथील कोगलबर्ग पर्वतात आढळतात. उभी झुडपे मोजून एखाद्या जातीचे भवितव्य ठरविता येते काय, हा प्रश्न या दोहोंच्या इतिहासातून उपस्थित होतो.

ओरोथॅम्नस ही एकच जाती असलेली प्रजाती होय. धुक्याने ओलसर राहणाऱ्या दक्षिणाभिमुख उतारांवर ती वाढते. हर्मानसजवळच्या डोंगरांतही ती आहे. तिचे खाली झुकलेले फुलोरे मेणासारख्या तांबड्या छदांनी वेढलेले असतात. मिमेटेस स्टोकोईची पाने रुपेरी लवेने मढलेली असून तिचा आढळ क्लाइनमंडजवळच्या अत्यंत मर्यादित क्षेत्रातच आहे.

बाह्यरूप भिन्न असले तरी दोहोंचे जीवनचक्र सारखेच आहे. वणव्यात झुडूप समूळ मरते. बुंध्यापासून पुन्हा फुटत नाही. बीजे मात्र मुंग्यांनी वारुळात नेल्यामुळे जमिनीखाली सुरक्षित राहतात. आच्छादन जळून जमीन उघडी पडली, की ती रुजतात.

या जीवनक्रमाची जाण नसताना ओरोथॅम्नसला वणव्यापासून जपण्यात आले. परिणामी जुनी झुडपे मरत गेली, नवी उगवली नाहीत. त्यात फुलांच्या तोडीची भर पडली. १९६८ च्या सुमारास ज्ञात झुडपे शंभराच्या आत आली. पुढे नियंत्रित जाळणीचा अवलंब केल्यावर संख्या वाढली. मिमेटेस स्टोकोई तर नामशेष समजली गेली होती. परंतु १९९९ च्या वणव्यानंतर, अनेक दशके सुप्त राहिलेल्या बीजांतून तिची रोपे पुन्हा प्रकट झाली.

तथापि अग्नी हा सर्वस्वी तारक नव्हे. रोपांनी बीज धरण्यापूर्वीच दुसरा वणवा आला, तर भूमिगत साठा संपतो. शिवाय मुळे कुजविणारा फायटॉफ्थोरा ओरोथॅम्नसला घातक ठरतो; तर बाहेरून आलेली अर्जेंटिनी मुंगी स्थानिक मुंग्यांना हुसकावते, पण बीजे पुरत नाही. त्यामुळे ती उघड्यावर उंदरांच्या भक्ष्यस्थानी पडतात.

सारांश, यांपैकी एका जातीचा ऱ्हास अतिसंरक्षणाने झाला, तर दुसरीच्या अंताचा निर्णय घाईने दिला गेला. जमिनीतील बीजसाठा, मुंग्या आणि दोन वणव्यांमधील कालावधी यांचा एकत्रित विचार केल्यावाचून अशा वनस्पतींचे रक्षण होणे शक्य नाही.