तांब्याच्या खाणीतले हिरवे-निळे दगड

कुंडल गावाजवळचे डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचे. इथे तांब्याची खाण नाही. पण तांब्याच्या हिरव्या-निळ्या दगडांप्रमाणेच अशा पाषाणाच्या पोकळ्यांत मिळणारे झिओलाइटचे पांढरे स्फटिकही खडक थिजल्यावर मागाहून तयार झालेले, म्हणजे दुय्यम खनिजच.

तांब्याची गोष्ट समजून घ्यायची तर गोंदियाशेजारच्या बालाघाट जिल्ह्यातली मलाजखंडची खाण आठवावी. तिथलं मुख्य खनिज चाल्कोपायराइट: पितळेसारखं पिवळं, तांबं, लोह आणि गंधक यांचं. जमिनीलगतच्या थरात पावसाचं पाणी आणि हवा फटींतून झिरपते, गंधकाचं सल्फेट होतं, तांबं पाण्यात उतरतं. त्याला कार्बोनेट भेटलं की हिरवा मॅलाकाइट किंवा गडद निळा अझुराइट तयार होतो. मॅलाकाइट कापला की फिकट-गडद हिरवी वलयं दिसतात; सौम्य आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. अझुराइट तर कालांतराने स्वतःच मॅलाकाइट होत जातो, म्हणून एकाच तुकड्यात दोन्ही रंग सापडतात.

खरी दुर्मिळ खनिजं याच्या पुढची. पाण्यात आर्सेनिक असेल तर ऑलिव्हेनाइट, फॉस्फेट असेल तर लिबेथेनाइट. बहुधा मिलिमीटरभर स्फटिक, भिंगाखालीच खुलणारे. ते वरच्या थरात असतात आणि खुल्या खाणीत वरचा थरच आधी फोडला जातो. म्हणून नमुने तेव्हाच वेचून ठेवायला हवेत.