पिलर ड्रिल घरी आणताना : निवड, वाहतूक आणि निगा

हातात धरायच्या ड्रिलने लोखंडी पट्टीला भोक पडते, पण ते सरळच पडेल याची हमी नसते. पडद्याच्या दांडीचा आधार भिंतीवर बसवताना एखाद्या अंशाचा कल खपून जातो. मात्र दोन जाड पट्ट्या एकमेकींवर ठेवून त्यांतून चार बोल्ट आरपार न्यायचे असले, की तोच कल चौथ्या बोल्टाच्या वेळी आडवा येतो. घरी धातुकाम वा लाकूडकाम करणारे हौशी लोक आणि कारखान्यातून निवृत्त होऊन गॅरेजमध्ये छोटी कार्यशाळा थाटणारे कारागीर बहुधा याच टप्प्यावर उभ्या ड्रिल मशीनचा विचार करू लागतात.

या मशीनची रचना साधी असते. बिडाचा जड पाया, त्यावर उभा खांब, खांबावर वरखाली सरकणारे टेबल आणि माथ्यावर मोटर, पट्टा व स्पिंडल सामावून घेणारे हेड. ओट्यावर ठेवता येते ते बेंच ड्रिल आणि जमिनीवर उभे राहते ते पिलर ड्रिल. दोन्हींची उपयुक्तता दोनच गोष्टींवर अवलंबून असते. स्पिंडल न डगमगता फिरला पाहिजे आणि तो टेबलाशी काटकोनात असला पाहिजे. रंग, आकार आणि मोटरची ताकद यांचा विचार त्यानंतरचा. दुकानात मात्र चर्चा नेमकी मोटरच्या अश्वशक्तीपासून सुरू होते.

भारतीय बाजारात मशीनची क्षमता ड्रिलच्या व्यासावरून सांगितली जाते. १३ मिलीमीटरचे मशीन म्हणजे साध्या पोलादात तेवढ्या व्यासापर्यंतचे भोक पाडणारे मशीन. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या काही परदेशी मशीनच्या वर्णनात ‘दहा इंची’, ‘बारा इंची’ असे आकडे दिसतात, तेव्हा गोंधळ होतो. अमेरिकी पद्धतीचा हा आकडा ड्रिलचा नव्हे. स्पिंडलच्या मध्यापासून खांबापर्यंतच्या अंतराची ती दुप्पट असते. दहा इंची मशीनवर कडेपासून पाच इंचांपलीकडे भोक घेता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

१३ मिलीमीटरपेक्षा मोठी ड्रिल सहसा निमुळत्या दांड्याची असतात आणि ती चकात न धरता थेट स्पिंडलमध्ये बसवतात. त्यासाठी स्पिंडलच्या पोटात मोर्स टेपर असावा लागतो. दोन क्रमांकाच्या टेपरमध्ये साधारण २३ मिलीमीटरपर्यंतची ड्रिल बसतात. काही लहान मशीनमध्ये आतला टेपरच नसतो. चक स्पिंडलच्या बाहेरच्या टोकावर बसवलेला असतो. अशा मशीनची क्षमता पुढे वाढवता येत नाही, हे खरेदीपूर्वीच लक्षात घेतलेले बरे.

खरा प्रश्न असतो तो वेगाचा, आणि त्यातही सर्वांत कमी वेगाचा. पोलादी ड्रिलने साधे पोलाद कापताना ड्रिलच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर असावा, असे ढोबळ गणित आहे. त्यानुसार ६ मिलीमीटरच्या ड्रिलला मिनिटाला सुमारे १,३०० फेरे चालतात, १२ मिलीमीटरच्या ड्रिलला ६६०, तर २० मिलीमीटरच्या ड्रिलला जेमतेम ४००. स्टेनलेस स्टीलला हा वेग निम्म्यावर आणावा लागतो, अन्यथा धातू घासून कडक होतो आणि ड्रिलची धार जळते. अॅल्युमिनियम आणि लाकूड याहून अधिक वेग सहन करतात. स्वस्त बेंच ड्रिलचा किमान वेग अनेकदा मिनिटाला पाचशे-सहाशे फेऱ्यांच्या खाली उतरत नाही. मोटर एक अश्वशक्तीची असो वा अर्ध्या, असे मशीन जाड पोलादाच्या मोठ्या भोकांसाठी उपयोगाचे नाही. लाकडापुरते काम असेल, तर हीच उणीव जाणवतही नाही.

राजकोट, लुधियाना आणि बटाला येथील यंत्रनिर्मितीच्या कारखान्यांतून निघालेली जड, बिडाची मशीन देशभरातील कार्यशाळांत आढळतात. कार्यशाळा बंद झाल्या, संस्थांनी जुने सामान लिलावात काढले, की हीच मशीन भंगाराच्या व्यापाऱ्यांमार्फत पुन्हा बाजारात येतात. नव्या हलक्या मशीनपेक्षा असे जुने मशीन बहुधा सरस ठरते. परंतु ते पारखून घेतले तरच. व्यापाऱ्याने चढवलेला ताजा हिरवा रंग ही काही पारख नव्हे.

पारखीची सुरुवात टेबलापासून करावी. टेबलावर चंद्रकोरीसारखे खड्डे आणि अर्धवट भोके असतील, तर पूर्वीच्या हातांनी मशीन कसे वापरले ते तेथेच लिहिलेले असते. थोडेसे खड्डे सर्वच जुन्या टेबलांवर असतात. बिडाला गेलेला तडा आणि त्यावर मारलेले वेल्डिंग मात्र नाकारण्याचे कारण ठरते. त्यानंतर पट्टा काढून स्पिंडल हाताने फिरवावा. बेअरिंग चांगले असेल तर तो गुळगुळीत फिरतो. करकर किंवा अडखळणे बोटांना लगेच कळते. स्पिंडलला धरून खाली येणारी नळी, म्हणजे क्विल, पूर्ण खाली आणून आडवी हलवून पाहावी. तेथील खेळ हा झिजेचा पुरावा असतो आणि घरच्या घरी तो सहसा दुरुस्त होत नाही.

शेवटची चाचणी डायल गेजची. चुंबकी आधारावरचे हे गेज टेबलावर ठेवून त्याचे टोक आधी स्पिंडलच्या टेपरला, मग चकात पकडलेल्या सरळ पोलादी सळईला टेकवायचे आणि स्पिंडल हाताने एक फेरा फिरवायचा. काटा ०.०५ मिलीमीटरच्या आत हलला तर घरगुती कामाला ते उत्तमच. टेपरपाशी काटा स्थिर आणि सळईपाशी हलता असेल, तर दोष चकाचा. चक बदलणे फारसे महाग नाही. टेपरपाशीच काटा मोठा झोका घेत असेल, तर सौदा सोडून द्यावा. गेज नसेल तर काटकोनाची परीक्षा जाड तारेनेही होते. तार वाकवून चकात धरावी, तिचे टोक टेबलाला जेमतेम टेकेल असे ठेवावे आणि स्पिंडल हळूहळू फिरवावा. एका बाजूला तार घासते आणि दुसऱ्या बाजूला खाली कागद सरकतो, असे झाले तर टेबल कललेले आहे. टेबलाचा कल बहुतेक मशीनवर जुळवता येतो, त्यामुळे हा दोष घाबरण्यासारखा नाही.

मशीन पसंत पडल्यानंतर ते घरी आणण्याचा प्रश्न येतो आणि अनेकांचा अंदाज येथे चुकतो. पिलर ड्रिलचे वजन माथ्याशी असते. हेड आणि मोटर वर, पाया त्या मानाने अरुंद. त्यामुळे थोडे कलले तरी मशीन आडवे होते. उभ्याने टेम्पोत चढवण्याचा मोह टाळावा. व्हाइस, पट्टा आणि शक्य असल्यास मोटर आधी काढावी, टेबल तळाशी आणून घट्ट आवळावे. जिन्यावरून न्यायचे असेल, तर हेड खांबावरून उतरवणेच इष्ट. त्या वेळी हेडखाली लाकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार दिल्याशिवाय त्याचे बोल्ट सैल करू नयेत. आधार नसलेले हेड खांबावरून सरळ खाली घसरते आणि मधे हात असेल तर तो वाचत नाही. हेडच्या बाजूला गोल डबीत बसवलेली, क्विल परत वर नेणारी स्प्रिंग ताणलेली असते. वाहतुकीसाठी ती डबी उघडण्याची गरज नसते, म्हणून तिला हात लावू नये.

टेम्पोत मशीन आडवे ठेवताना भार खांबाखालच्या ठोकळ्यांवर यावा, हँडलवर किंवा पुलीच्या झाकणावर नव्हे. दोर खांबाला आणि पायाला बांधावा, स्पिंडलला कधीही नाही. घरी पोहोचल्यावर उंच मशीन जमिनीला अँकर बोल्टने जखडावे. निवासी इमारतींच्या मजल्यांसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा वापरभार धरलेला असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर जड मशीन खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत किंवा तुळईजवळ ठेवणे योग्य.

विजेच्या जोडणीत एक धोका भारतीय घरांत विशेष आहे. काम चालू असताना वीज जाते, माणूस मशीन तसेच सोडून बाहेर येतो. अर्ध्या तासाने वीज परतते आणि साध्या खटक्यावर चालणारे मशीन आपोआप सुरू होते. तोवर चकात कोणी चावी लावलेली असेल, तर ती गोळीसारखी सुटते. वीज गेल्यावर स्वतः बंद पडणारा आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू न होणारा स्टार्टर बसवला, की हा प्रसंग टळतो. जुन्या मशीनच्या खर्चात ही रक्कम पहिल्या दिवशीच धरावी. कारखान्यातून आलेल्या मशीनवर तीन फेजची मोटर असू शकते. घरी सिंगल फेज असल्यास मोटर बदलणे हा सर्वांत सोपा मार्ग. बिडाच्या अंगाला पक्के अर्थिंग आणि मंडलात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यकच आहे.

कारखान्यांत फिरत्या पुल्या झाकण्याची सक्ती कारखाने अधिनियम, १९४८ ने केली होती. घरच्या कार्यशाळेत मात्र निरीक्षक येत नाही. तेथे पट्ट्यावरचे झाकण ‘वेग बदलायला अडचण होते’ म्हणून काढून कोपऱ्यात ठेवलेले सर्रास दिसते. हातमोजे घालून ड्रिल चालवणे ही तशीच दुसरी चूक. हातमोजे भाजणे, खरचटणे यांपासून वाचवतात, पण फिरत्या ड्रिलवर मोज्याचा धागा अडकला तर बोटेही त्यासोबत ओढली जातात. ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस यांबाबतही तेच.

पातळ पत्र्याला भोक पाडताना खरा धोका ड्रिल खालून बाहेर पडण्याच्या क्षणी असतो. ड्रिलची धार पत्र्यात रुतते आणि हाताने धरलेला पत्रा पंख्यासारखा फिरू लागतो. पत्रा लाकडी फळीवर ठेवून क्लॅम्पने आवळावा. लांब पट्टी असेल तर तिचे डावे टोक खांबाच्या डाव्या अंगाला टेकवून ठेवावे. ड्रिल वरून पाहता उजवीकडे फिरत असल्याने पट्टी फिरू लागली तरी ती खांबावरच अडते. चक आडव्या जोरासाठी बनवलेला नसतो. कडेने कापण्याचे मिलिंगचे काम ड्रिल मशीनवर करू पाहिले, तर टेपर सुटून चक खाली पडतो.

देखभालीला फार वेळ लागत नाही. क्विल आणि खांबावर अधूनमधून पातळ मशीन ऑइल द्यावे, कीस हाताने वा फुंकरीने न काढता ब्रशने झाडावा आणि पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून पाहावा. मधोमध दहा-बारा मिलीमीटर दबला तर तो ठीक. टेपरच्या पृष्ठभागांना मात्र तेल लावू नये. ते स्वच्छ आणि कोरडे असले तरच पकड घेतात.

कोकण, गोवा किंवा कोलकात्यासारख्या दमट हवेत पावसाळ्यातील चार महिने टेबलावर तेलाचा पातळ थर कायम ठेवावा लागतो. प्लास्टिकचे आवरण घातले तर आत बाष्प साठते आणि काही दिवसांतच टेबलावर तांबूस ठिपके उमटतात. जुनी सुती चादर त्याहून चांगली.