जळाचा जमाखर्च

मुंबईत वाळकेश्वराच्या देवालयाशेजारी बाणगंगेचा जो प्राचीन तलाव आहे, त्याच्या पायऱ्यांवर पितृपक्षात लोक श्राद्धतर्पणासाठी जमतात आणि पितरांच्या नावाने काढलेले अन्न, पीठ, फुले पाण्यात सोडून कृतार्थ मनाने घरी परततात. परंतु हा पक्ष सरल्यावर त्याच तलावात मासे मरून पृष्ठभागावर तरंगू लागल्याची वार्ता मुंबईकरांनी एकाहून अधिक वर्षी वाचलेली आहे. पाण्यात पडले ते अन्न होते, आणि तेही श्रद्धेने वाहिलेले. मग अन्नानेच जीव जावा, हा विपरीत प्रकार घडतो कसा? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट उमगले, त्याला तळ्यापासून महासागरापर्यंतच्या जलसृष्टीचा मुख्य व्यवहार उमगला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपण हवेत राहणारी माणसे प्राणवायूच्या बाबतीत किती श्रीमंत आहोत, याची आपल्याला क्वचितच जाणीव असते. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. उलट ३० अंश उष्णतेचे एक लिटर गोडे पाणी, त्यात मावेल तेवढा प्राणवायू विरघळलेला असला तरी, जेमतेम ७.६ मिलिग्रॅम बाळगून असते. पाणी थंड असेल तर हा साठा वाढतो, २० अंशांवर ९.१ आणि शून्य अंशावर १४.६ मिलिग्रॅम होतो. तापेल तसा तो घटतो, आणि दुर्दैव असे की नेमक्या त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. शिवाय स्थिर पाण्यात प्राणवायू पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद गतीने. त्यामुळे वरच्या थरात वायू असला तरी पाणी ढवळल्याखेरीज तळाशी त्याची रसद पोहोचत नाही. हे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली उतरले की बहुतेक माशांना तेथून पळावे लागते, आणि ज्यांना वाट सापडत नाही ते गुदमरून मरतात.

या साठ्यात भर पडते ती दोन मार्गांनी: एक, पृष्ठभागाला स्पर्श करणाऱ्या हवेतून, आणि दुसरा, पाण्यातच राहणाऱ्या हिरव्या वनस्पतींकडून. यांपैकी बहुतेक वनस्पती डोळ्यांना दिसतही नाहीत. पाण्याबरोबर वाहत जाणारे हे एकपेशीय वनस्पतिप्लवक सूर्यप्रकाशाच्या बळावर कर्बवायू आणि पाणी यांपासून आपली काया घडवितात आणि त्या उद्योगात प्राणवायू मोकळा करतात. ठरावीक क्षेत्रात, ठरावीक काळात त्यांनी किती सेंद्रिय द्रव्य निर्माण केले, त्या प्रमाणास प्राथमिक उत्पादकता म्हणतात. पृथ्वीवरील अशा एकूण निर्मितीचा जवळजवळ अर्धा वाटा एकट्या समुद्राचा आहे. पण सूर्य मावळला की हे उत्पादन थांबते, श्वसन मात्र सर्वांचे चालूच राहते. आणि म्हणूनच हिरव्यागार तळ्यातील प्राणवायू दुपारनंतर शिगेला पोहोचतो व पहाटे नीचांकास उतरतो. मत्स्यसंवर्धन करणारे शेतकरी पहाटेच तळ्यावर फेरी मारतात आणि मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले की पंप लावतात, त्याचे कारण हेच.

हा अदृश्य जमाखर्च मोजावा कसा, याचे उत्तर बुडापेस्ट येथील लायोश विंकलर या पंचविशीतल्या रसायनज्ञाने १८८८ साली दिले. नमुन्याच्या बाटलीत मँगेनीजचा क्षार आणि अल्कयुक्त आयोडाइड घातले असता प्राणवायूच्या प्रमाणात तपकिरी साका बसतो. आम्ल घालताच तो विरघळून तितकेच आयोडिन मुक्त होते. आणि छायाचित्रकारांच्या परिचयाचे हायपो थेंबाथेंबाने सोडीत गेले म्हणजे, पिष्टाने आणलेला निळा रंग ज्या क्षणी नाहीसा होतो, त्या क्षणी प्राणवायूचा आकडा हाती येतो. याच रीतीचा आधार घेऊन गार्डर आणि ग्रान या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी ऑस्लोच्या खाडीतील आपले प्रयोग १९२७ साली प्रसिद्ध केले. एकाच पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, एक पारदर्शक व दुसरी प्रकाशबंद, ज्या खोलीचे पाणी त्याच खोलीवर दोरीने टांगून ठेवावयाच्या, आणि काही तासांनी दोहोंतील प्राणवायू मोजावयाचा. काळ्या बाटलीत जी घट येते ती केवळ श्वसनाची. पारदर्शक बाटलीत जी वाढ होते ती खर्च वजा जाता उरलेली शिल्लक. आणि दोन्ही बाटल्यांतील अंतर म्हणजे एकूण उत्पन्न. खोल जावे तसा प्रकाश क्षीण होतो, आणि पृष्ठभागावरील प्रकाशाचा सुमारे शतांश भाग जेथे उरतो, त्या सीमेपाशी उत्पन्न व खर्च यांची तोंडमिळवणी होते. त्याखालचा सारा जलप्रांत केवळ खर्चाचा.

आता बाणगंगेच्या कोड्याकडे वळू. प्लवकांनी दिवसा जो प्राणवायू मोकळा केला, तो ते मेल्यावर त्यांचे कुजते देह जवळजवळ पुरता परत मागतात. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड व त्याचे सहकारी यांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सागरी प्लवकांच्या देहात स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे १६ आणि कर्बाचे १०६ अणू असतात, आणि तो देह पूर्णपणे कुजावयास प्राणवायूचे १३८ रेणू खर्ची पडतात. म्हणजे सांडपाण्यातून वा शेतातील खतातून पाण्यात आलेला स्फुरदाचा कण हे एक कर्जच होय: प्रकाशातल्या वरच्या थरात त्याचे भांडवल होऊन हिरवाई फुलते, आणि वसुलीचा तगादा लागतो तो तळाशी, जेथे नवे उत्पन्न मुळीच नाही. बाणगंगेत तर मधली पायरीही उरली नाही. तयार अन्नच पडले, त्यावर जिवाणू फोफावले, आणि बंदिस्त पाण्यातला तुटपुंजा साठा त्यांनी माशांच्या आधी संपविला.

हाच प्रकार निसर्ग आपल्या अरबी समुद्रात अतिविशाल प्रमाणावर घडवीत आलेला आहे. मबाहिस या इजिप्शियन जहाजावरून १९३३-३४ साली सीमोर स्युएल यांच्या नेतृत्वाखाली जी मोहीम या समुद्रात फिरली, तिला मधल्या खोलीवर प्राणवायूचा दुष्काळ आढळला आणि तळाच्या काही भागांतून जाळी जवळजवळ निर्जीव वर आली. आज आपण जाणतो की सुमारे १५० मीटरांपासून हजार मीटरांच्याही खालपर्यंत हा अल्पप्राण थर पसरलेला आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांवरील पृष्ठजल दूर लोटतात आणि त्याच्या जागी पोषक क्षारांनी संपन्न असे खालचे पाणी वर येऊन विलक्षण उत्पादकता निर्माण होते. परंतु उत्तरेस आशियाचा भूखंड आडवा असल्यामुळे ध्रुवाकडील थंड, प्राणवायुयुक्त पाण्याचा सरळ ओघ या समुद्राच्या उदरात येऊ शकत नाही. वरून अन्नाचा पाऊस अखंड, आणि खालचा वारा बंद! प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेटवर गुजराण करू लागतात, त्यापासून नत्रवायू होतो आणि वाटेत नायट्रस ऑक्साइडही निर्माण होतो, जो रेणूमागे कर्बवायूच्या सुमारे तीनशेपट तापकारक आहे.

१९६६ साली स्थापन झालेल्या आणि आज गोव्यात दोनापावल येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीच्या समुद्रात सुमारे २५ मीटर खोलीवर एक ठिकाण मुक्रर करून तेथील पाण्याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली आहे, आणि ती आपल्या दारातली कथा सांगते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतही खोलातले अल्पप्राण पाणी उथळ तळावर चढते. वर नद्यांच्या व पावसाच्या हलक्या गोड्या पाण्याचे झाकण बसते. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळचा प्राणवायू पार आटून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तेथे प्रकटतो. संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली हा प्रकार तीव्र होत असल्याचे जगापुढे मांडले आणि मानवनिर्मित नत्राच्या वाढत्या भाराकडे बोट दाखविले. पुढे किनाऱ्याचा प्रवाह दिशा पालटतो, पाणी ढवळते, आणि हिवाळ्यात समुद्राचा तळ पुन्हा श्वास घेऊ लागतो.

समुद्राला आपले देणे फेडावयास ऋतूंचे चक्र तरी आहे. गावाच्या तळ्याला, धरणाच्या जलाशयाला, शहराच्या नदीला ते बहुधा नाही. म्हणून पाणी हिरवे दिसले की ते समृद्ध झाले असे समजण्याची सवय आपण सोडली पाहिजे, आणि त्यात काही सोडण्यापूर्वी, मग ते कारखान्याचे सांडपाणी असो की भक्तीचे निर्माल्य, ते पचविण्याइतका प्राणवायू या पाण्यापाशी शिल्लक आहे काय, हे विचारले पाहिजे. पितरांसाठी काढलेला भाताचा घास काठावर ठेवला तर तो कावळ्याच्या मुखी लागतो, आणि पाण्यातल्या मुक्या जिवांचा पहाटेचा श्वासही त्यांच्यापाशीच राहतो. तर्पणाला ओंजळभर पाणी पुरते.